चिमाबायची डावी पट्टी

मित्रांनो, माझ्या अंगावरून बोट फिरवलंत तर वरच्या टोकाशी तुम्हाला एक बाक लागेल. पट्टीने सरळ असावं अशी रीत आहे, आणि माझ्या आयुष्यातला बराच काळ मी होतेही सरळ. हा बाक मला एका मुलीने हातोडीने पाडला. तिने तो पाडला नसता, तर ती आज नसती, तिचा बाप नसता, आणि मीही समुद्राच्या वाळूत कुठेतरी रुतून बसले असते. म्हणून या बाकाची मला लाज वाटत नाही. त्याची गोष्ट मात्र तुम्हाला सांगायला हवी.

मी एका जुन्या शिडाच्या बोटीची स्टेनलेस स्टीलची पट्टी आहे. लांबीला हातभर, रुंदीला दोन बोटं. तुम्ही म्हणाल, पट्टीला बोटीवर काय काम? झाडाला मुळं असतात, डोलकाठीला नसतात. ती डेकवर नुसती उभी असते. पुढून, मागून आणि दोन्ही कुशींकडून पोलादी तारांनी तिला आवळून धरलेलं असतं, म्हणून ती वाऱ्यात पडत नाही. त्या कुशीकडच्या तारा जिला बांधलेल्या असतात, ती मी. डावीकडे मी आणि उजवीकडे माझी जुळी बहीण. आमचं वरचं टोक डेकच्या वर असतं, त्याला भोक असतं, आणि त्या भोकातून एक जाड खीळ घालून तार अडकवतात. आमचा उरलेला भाग डेकमधल्या एका अरुंद फटीतून खाली उतरतो आणि केबिनच्या भिंतीला बोल्टांनी घट्ट बसवलेला असतो. ती फट लक्षात ठेवा, मित्रांनो. सगळा घात तिथेच झाला.

माझा जन्म काही गोंजारण्यात झाला नाही. लोखंड, क्रोमियम आणि निकेल एकाच भट्टीत ओतून आम्हाला उकळवलं. लाल असतानाच रुळांखाली चिरडलं. थंड झाल्यावर गोव्यातल्या एका बोटींच्या कारखान्यात यंत्राच्या पात्याने एका दणक्यात आम्हा बहिणींना एकाच पत्र्यातून वेगळं केलं. मग ड्रिलने अंगात भोकं पाडली. त्या वेळी मी किंचाळले होते. कारखान्यातल्या माणसांनी कानात कापूस घातला होता.

पण त्या आगीने मला एक देणगी दिली. माझ्यात क्रोमियम आहे. हवेतला प्राणवायू त्याला भेटला की माझ्या अंगावर एक थर तयार होतो. तो इतका पातळ असतो की साध्या सूक्ष्मदर्शकालाही दिसत नाही. तो थर माझं चिलखत. कुणी ओरखडा काढला, तर हवा लागताच ते चिलखत आपोआप पुन्हा भरून येतं. म्हणून लोक म्हणतात, स्टीलला गंज लागत नाही. हे वाक्य अर्धंच खरं आहे. हवा मिळाली तर लागत नाही. पूर्ण वाक्य कुणी ऐकत नाही.

तरुणपणी मी मुंबईच्या एका बोट क्लबात होते. तिथे शर्यती व्हायच्या. वारा शिडात शिरला की तार गिटारीसारखी ताठ व्हायची आणि मला वर ओढायची, बोल्ट मला खाली ओढायचे. दोन्हीकडून ओढलं जाणं हेच माझं काम, आणि ते मला आवडायचं. लोक डोलकाठीचं कौतुक करायचे, शिडाचे फोटो काढायचे. माझ्याकडे कुणी पाहायचं नाही. पण पैलतीरावर चषक उचलला जायचा, तेव्हा आम्ही दोघी बहिणी डेकच्या दोन्ही कडांना उन्हात चकाकत असायचो, आणि आम्हाला ठाऊक असायचं की त्या चषकात आमचाही वाटा आहे.

मग नव्या बोटी आल्या. आमची बोट क्लबच्या मागच्या भिंतीशी उभी राहिली. तिच्यात कावळ्यांनी घरटं केलं. पावसाचं पाणी तुंबून डास झाले. बऱ्याच पावसाळ्यांनी एक उंच, काळसर, दणकट माणूस आला आणि त्याने बोटीच्या पोटावर थाप मारली. म्हैस विकत घेताना मारतात तशी.

तो गंगाराम शिवलकर. रत्नागिरीजवळच्या भाट्याचा. जन्मभर मोठ्या मालवाहू जहाजांवर सारंग होता, म्हणजे डेकवरच्या खलाशांचा म्होरक्या. सगळे समुद्र पालथे घालून तो घरी परतला होता, पण घरात त्याचा जीव रमेना. त्याने आमची बोट भाट्याच्या खाडीत आणली, तिला आपल्या आईचं नाव दिलं, 'चिमाबाय', आणि रोज सकाळी तिच्यावर येऊन ओरडू लागला. ओरडायला आता खलाशी नव्हते, म्हणून तो आमच्यावरच ओरडायचा.

शेजारचा निलेश मासेमारीच्या यांत्रिक होडीवर तांडेल, म्हणजे होडीचा प्रमुख होता. तो जाता जाता हाक मारायचा, "काका, आज काय वाळत घातलंय काठीवर? काकीचं लुगडं?"

"मेल्या, तुझं डिझेल संपंल ना, तेव्हा ह्याच लुगड्यानं तुला ओढत आणीन," गंगाराम उलट ओरडायचा.

गंगारामचं आमच्यावर प्रेम होतं, यात मला शंका नाही. पण मित्रांनो, प्रेमाचा हातही जड असू शकतो. दरवर्षी नारळी पौर्णिमेच्या आधी 'चिमाबाय' ओढून सुरूच्या झाडांखाली आणली जायची आणि आमच्यावर मार सुरू व्हायचा.

पहिला मार लोखंडी तारेच्या ब्रशचा. जहाजांवर गंज काढतात तसा तो आम्हाला खसाखसा घासायचा. गंज निघायचा, पण ब्रशच्या तारांचे बारीक कण आमच्या अंगात घुसून बसायचे. ते साधं लोखंड. आठ दिवसांत ते गंजायचे, आणि माझ्या अंगावर तपकिरी ठिपके उठायचे. गंगारामला वाटायचं, ही पट्टीच गंजकी. पुढच्या वेळी तो आणखी जोरात घासायचा.

दुसरा मार मायेचा होता. गंगारामची बायको मथुरा. तिच्या घरची पितळेची समई आणि तांब्याचा हंडा पाहायला माणसं थांबायची. भिजवलेली आमसुलं आणि मूठभर मीठ, एवढ्यावर ती भांडी सोन्यासारखी करायची. पौर्णिमेच्या आदल्या दिवशी ती तेच मिश्रण घेऊन बोटीवर यायची, पदर खोचायची आणि बोटीवरच्या सगळ्या स्टीलला आमसूल-मीठ चोळायची.

"सासूबाईचं नाव आहे बोटीला," ती म्हणायची. "काळं तोंड घेऊन समुद्राला नारळ द्यायला जाईल होय?"

आम्ही लखलखायचो. आमसुलाच्या आंबटाने ते लोखंडाचे कण विरघळायचे. खरं तर तो उपाय चांगला होता. वाईट होतं ते मीठ. आमसुलाचं पाणी मीठ घेऊन हळूच त्या फटीत उतरायचं, जिथे कुणाचं बोट पोचत नाही.

आणि मग तिसरा मार. फटीतून केबिनमध्ये पाणी ठिबकू नये म्हणून गंगाराम त्याच संध्याकाळी फटीत गरम डांबर ओतायचा. काठोकाठ. मीठ आत, ओल आत, आणि हवा बाहेर.

माझं चिलखत हवेवर जगतं, हे मी तुम्हाला सांगितलं. आता विचार करा, त्या फटीत आमचं काय होत असेल. मिठाने चिलखताला टाचणीएवढं भोक पाडलं, तर ते भरून यायला प्राणवायू नाही. भोक खोल जातं. त्याच्या तळाशी आणखी आंबट, आणखी खारट पाणी साठतं. ते पोलाद खात खात पुढे जातं. भोकातून चीर निघते. वरून मात्र सगळं झकास दिसतं.

शेवटी गंगारामची परीक्षा. तो आपली जहाजावरची हातोडी घ्यायचा आणि आम्हा प्रत्येकीला एक सणसणीत तडाखा द्यायचा. मग कान जवळ आणून ऐकायचा.

"ऐकलंस?" तो म्हणायचा. "देवळातली घंटा. जिचा आवाज बसका, ती सडकी. हिचा बघ."

जुन्या लोखंडी साखळ्यांची तो जन्मभर अशीच परीक्षा घेत आला होता, आणि तिथे त्याचा कान कधी चुकला नव्हता. पण आमची चीर केसाएवढी असते. केसाएवढ्या चिरेने आवाज बसत नाही. माझी बहीण आतून अर्धी खाल्ली गेली होती, आणि तरीही ती घंटेसारखी वाजायची. मी डेकच्या दुसऱ्या कडेवरून ते ऐकायचे. मला हाक मारता येत नव्हती.

गंगारामची मुलगी योगिनी. लहानपणापासून ती या बोटीवर वाढली, पण सुकाणू तिच्या हाती कधी आलं नाही. बाप देत नसे. ती कॉलेजात रसायनशास्त्र शिकली आणि परत आली, तेव्हा तिच्याजवळ एक जाड भिंग होतं. ज्या वर्षाची ही गोष्ट आहे, त्या वर्षी गंगारामने तिला शब्द दिला होता: या पौर्णिमेला नारळ देऊन झाला की 'चिमाबाय' तू चालवायची. सगळ्या भाट्यासमोर. ती महिनाभर त्याच आनंदात होती. येता-जाता सुकाणूच्या दांड्यावर हात ठेवून बघायची.

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी ती केबिनमध्ये झाडत असताना तिला माझ्या बहिणीच्या खाली, पांढऱ्या भिंतीवर, एक ओघळ दिसला. चहा सांडल्यासारखा, तांबूस. तिने बोट लावलं, चाटून पाहिलं. खारट. मग ती भिंग घेऊन गुडघ्यावर बसली आणि बराच वेळ उठली नाही.

"बाबा," ती वर येऊन म्हणाली, "उजवी पट्टी काढून बघूया."

"कशाला?"

"आतून गंज वाहतोय. फटीच्या आत काय झालंय ते दिसत नाही. डांबर काढून, बोल्ट सोडून बाहेर घेतली तर कळेल."

"अगो, ती स्टेनलेस आहे."

"हवा मिळाली तर स्टेनलेस. आत हवा नाही. आणि आई दरवर्षी मीठ…"

"घ्या!" मथुरा आमसुलाचे लाल हात वर करून म्हणाली. "आता माझं मीठ वाईट झालं. ह्याच मिठावर वाढलीस गो."

गंगारामने हातोडी उचलली आणि माझ्या बहिणीला असा तडाखा दिला की बोट थरथरली. ठण्ण!

"काय म्हणते ती?" त्याने विचारलं.

"बाबा, आवाजावरून नाही कळत. एका दिवसाचं काम आहे. उद्या नको जाऊया. परवा जाऊया."

"पौर्णिमेला बोट झाडाखाली ठेवू? आणि निलेशच्या होडीवरून नारळ टाकू? त्यापेक्षा मलाच टाक." मग तो जवळ आला आणि खालच्या आवाजात म्हणाला, "सुकाणू हवंय ना तुला उद्या? मग ते भिंग खिशात ठेव. माझ्या बोटीवर एकच सारंग."

योगिनीने भिंगाकडे पाहिलं, मग सुकाणूकडे. भिंग तिने खिशात ठेवलं. मी तिला दोष देत नाही, मित्रांनो. वर्षानुवर्षं ज्याची वाट पाहिली ते हाताच्या अंतरावर असलं की शहाणपणालाही थोडं थांब म्हणावंसं वाटतं. संध्याकाळी फटीत पुन्हा डांबर पडलं.

पौर्णिमेच्या सकाळी आम्हाला हळदीकुंकू लागलं. डोलकाठीला झेंडूची माळ बांधली. किनाऱ्यावर माणसांची गर्दी होती. खाडीच्या मुखाशी गंगारामने सोनेरी कागदात गुंडाळलेला नारळ पाण्यात सोडला, हात जोडले, आणि मग बाजूला होऊन मुलीला म्हणाला, "घे."

योगिनीने सुकाणू घेतलं. किनाऱ्यावरून शिट्ट्या आल्या. निलेश आपल्या होडीवरून ओरडला, "काका, आता तुम्ही स्वयंपाक करा!" गंगारामने त्याला दाखवायला मूठ उगारली, पण तो हसत होता.

आम्ही दक्षिणेकडे वळलो. भाट्याचा किनारा डावीकडे, उघडा समुद्र उजवीकडे. वारा उजवीकडून. म्हणजे उजवी तार ताठ, डावी सैल. सगळा भार माझ्या बहिणीवर. योगिनी बोट सुरेख चालवत होती. लाट यायच्या आधीच ती दांडा किंचित ढिला सोडायची, आणि 'चिमाबाय' लाटेवरून घसरगुंडीसारखी उतरायची. गंगाराम काही बोलत नव्हता, आणि त्याचं न बोलणं ही शाबासकी होती.

मग पश्चिमेला आभाळाचा एक तुकडा काळा झाला. श्रावणात असे झपाटे येतात. पाण्यावर पांढरी रेघ उमटली आणि ती आमच्याकडे धावत आली.

"शीड उतरवा, बाबा!" योगिनी ओरडली. गंगाराम दोर सोडायला डोलकाठीशी धावला.

वारा भिंतीसारखा आदळला. बोट आडवी झाली. मी पाण्याखाली गेले आणि तशाच स्थितीत मला आवाज ऐकू आला. बंदुकीसारखा, एकच. माझी बहीण फटीत तुटली.

तुटलेलं टोक तारेसकट चाबकासारखं हवेत फिरलं. त्याने शिडाला उभं चिरलं. डोलकाठी क्षणभर उभीच राहिली, जणू तिला अजून बातमी कळली नव्हती. मग ती डावीकडे, माझ्या बाजूला, कोसळली. तिच्यासोबतच्या आडव्या काठीने गंगारामला उजव्या खांद्यावर गाठलं. हाड मोडल्याचा आवाज मी पोलाद असूनही ओळखला. तो डेकवर फेकला गेला, त्याचं डोकं कठड्यावर आपटलं, आणि रक्त माझ्या अंगावरून ओघळलं. सकाळच्या कुंकवाला ते येऊन मिळालं.

झपाटा आला तसा निघून गेला, पण खरा हल्ला आता सुरू झाला. डोलकाठी पाण्यात पडली होती, तरी ती आमच्यापासून सुटली नव्हती. पुढची तार हुकासकट उपटून निघाली होती. मागची योगिनीने हातानेच सोडवली, तिच्या खिळीला नेहमी तेल मिळत असे. उरले मी. डोलकाठी एकट्या माझ्यावर लटकत होती. उजवीकडून येणारी प्रत्येक लाट बोटीला उचलून त्या काठीवर आपटत होती, आणि काठीचं जाड टोक बोटीच्या कुशीत ढुशी मारत होतं. धाड. पुन्हा धाड. दरवाजा फोडायला आलेल्या जमावासारखं. थोड्याच वेळात बोटीच्या फायबरच्या अंगाला तडा गेला आणि केबिनमध्ये पाणी शिरलं. बोटीच्या छोट्या इंजिनाच्या पंख्यात फाटकं शीड गुरफटलं होतं. आणि डावीकडे, फुटणाऱ्या लाटांच्या मागे, किनारा जवळ येत होता.

मित्रांनो, माझं सगळं आयुष्य धरून ठेवण्यात गेलं. माझी स्तुती झाली ती धरून ठेवण्यासाठीच. त्या दिवशी मात्र मला सोडायचं होतं. सर्व शक्तीनिशी सोडायचं होतं. आणि मला सोडता येईना, कारण माझ्या भोकातली खीळ गंजून माझ्या अंगाला चिकटली होती.

योगिनी माझ्याजवळ पालथी पडली. तिने खीळ हाताने ओढली, पक्कडीने ओढली. तिची नखं फाटली. तिने बापाची हातोडी घेतली, एक मोठा खिळा खिळीच्या टोकावर धरला आणि हाणलं. खिळा निसटून तिच्या अंगठ्यावर हातोडी बसली. तिने शिवी दिली. तिच्या आईने ऐकली असती तर तिचा कान पिळला असता. पुन्हा हाणलं. मी हलले नाही.

"तसं नाही गो," मागून आवाज आला. गंगाराम शुद्धीवर आला होता. त्याचा उजवा हात खांद्यापासून नुसता लोंबत होता, एक डोळा रक्ताने मिटला होता. तो सरपटत कडेशी आला. "तार ताठ असताना मारून काय होणार? ती खिळीला आवळून धरते. लाट खाली गेली की तार सैल पडते. मी सांगतो तेव्हा मार. तू वर बघू नको, खिळ्याकडे बघ."

तो डाव्या कोपरावर उठला आणि लाटांकडे पाहू लागला. मग मोठ्या जहाजाच्या एका टोकावरून दुसऱ्या टोकाला ऐकू जाणाऱ्या आवाजात ओरडला, "आता!"

ठण्ण!

"थांब… थांब… आता! हाण!"

प्रत्येक घाव माझ्या हाडात गेला. भोकाची कड फाटू लागली. खालून काठी धडका देत होती, वरून हातोडी. मला मार देणाऱ्या दोन शक्तींपैकी एक आम्हाला बुडवायला निघाली होती आणि एक वाचवायला, आणि वेदना मात्र दोन्हींची सारखीच होती.

"हलत नाही, बाबा!"

"पट्टीलाच मार मग! आडवी मार! वाकव तिला!"

"वाकली तर ती कामातून जाईल."

"जाऊ दे कामातून! तू जाऊ नको!"

योगिनीने दोन्ही हातांनी हातोडी डोक्यावर नेली. लाट उतरली. "आता!" तो घाव माझ्या वरच्या टोकावर आडवा बसला. मी वाकले. वाकताना माझं भोक लंबुळकं झालं, गंजाची खपली तडकली, आणि एवढी वर्षं चिकटलेली खीळ कर्रकन फिरली. पुढच्या सैल क्षणाला योगिनीने खिळ्यावर एकच ठोका दिला. खीळ निघाली. तार माझ्यापासून सळसळत सुटली आणि डोलकाठी, शीड, झेंडूची माळ, सगळं पाण्यात गेलं.

धडका थांबल्या. योगिनीने नांगर टाकला. तो दोनदा घसरला, तिसऱ्यांदा वाळूत रुतला, आणि फुटत्या लाटांच्या अलीकडे बोट उभी राहिली. निलेश होडी घेऊन पोचला, तेव्हा बाप-लेक दोघं केबिनमधलं पाणी उपसत होते. ती बादलीने आणि तो डाव्या हातात धरलेल्या चहाच्या टोपाने. त्या दिवशी निलेशने लुगड्याचं नाव काढलं नाही.

'चिमाबाय' पुन्हा सुरूच्या झाडांखाली आली. खांदा बांधून गंगाराम इस्पितळातून परतला आणि थेट तिथेच आला. योगिनीने फटीतलं डांबर उकरून काढलं होतं. माझ्या बहिणीचा खालचा अर्धा भाग बोल्ट सोडवून बाहेर काढला होता. तिने तो बापाच्या तळहातावर ठेवला आणि भिंग दिलं.

तुटलेली कड जवळजवळ सगळी तपकिरी-काळी होती. फक्त एका टोकाला करंगळीच्या नखाएवढा भाग ताजा, चंदेरी होता.

"काळा भाग केव्हाच चिरलेला होता," योगिनी म्हणाली. "त्या दिवशी तुटला तो फक्त हा चकाकणारा."

"म्हणजे एवढ्याशावर…"

"हो. एवढ्याशावर डोलकाठी उभी होती. तुम्ही हातोडी मारलीत तेव्हाही."

गंगारामने भिंग खाली ठेवलं. "खणखणीत वाजली होती गो ती," तो म्हणाला. भांडायला नाही, नुसतंच. मग बराच वेळ त्याने ते कडेचं काळं अंगठ्याने पुसून पाहिलं. ते पुसलं जात नव्हतं.

"मी तुला गप्प बसवली," तो म्हणाला.

"मी बसले," योगिनी म्हणाली.

त्यानंतर माझी पाळी आली. मला फटीतून बाहेर काढलं, आणि मुंबई सोडल्यापासून प्रथमच माझ्या कमरेला ऊन लागलं. तिथेही खड्डे होते, पण चीर नव्हती. गंगारामने सवयीने डाव्या हाताने लोखंडी ब्रश उचलला.

"ब्रश नको, बाबा. लोखंड आत घुसतं. आई, तुझी आमसुलं आण."

"आता बरी आठवली माझी आमसुलं!" मथुरा म्हणाली. "आणि मीठ?"

"मिठाचा कण नको. आमसुलांनाही मीठ लावलेलं नको."

मथुराने पदर खोचला. तिचं मीठ कुठे उतरलं होतं, हे तिनेही त्या भिंगातून पाहिलं होतं. मग ती घरी गेली आणि उपासासाठी वेगळी ठेवलेली बिनमिठाची आमसुलं घेऊन आली. तिने ती कोमट पाण्यात कुस्करली आणि मला त्या लाल पाण्यात बुडवून ठेवलं. हळूहळू गंज सुटला. मग मऊ फडक्याने पुसलं, गोड्या पाण्याने पुन्हा पुन्हा धुतलं, आणि सुरूच्या सावलीत वाऱ्यावर ठेवलं. कुणी मारलं नाही, कुणी ओरबाडलं नाही. हवा लागली आणि माझं चिलखत परत आलं. ते कुणालाच दिसलं नाही. मला जाणवलं.

वाकलेली पट्टी पुन्हा डोलकाठीचा भार घेऊ शकत नाही. बोटीवर आता नव्या पट्ट्या आहेत. दरवर्षी नारळी पौर्णिमेच्या आधी त्या बोल्ट सोडून बाहेर काढल्या जातात, धुतल्या जातात, आणि केळीच्या पानावर उघड्या मांडल्या जातात. त्यांच्या शेजारी मी असते आणि बहिणीचा अर्धा तुकडा असतो. गावातले होडीवालेही पाहायला येतात. रातांब्याच्या दिवसांत, त्या फळांची आमसुलं वाळवायला, मथुरा अंगणात दोन चटया घालते. एक सोलकढीची, एक बोटीची. बोटीच्या चटईला मीठ लावू देत नाही. कुणी हात लावला तर ओरडते.

पहिल्या वर्षी त्या पानाभोवती सगळे जमले होते. योगिनी बाजूला उभी होती. गंगारामचा उजवा हात अजून खांद्याच्या वर जात नव्हता. त्याने डाव्या हाताने जुनी हातोडी उचलली, नव्या पट्टीवर धरली. सगळ्यांनी आवाजाची वाट पाहिली. मीही वाट पाहिली. त्याने हातोडी तशीच खाली, पानाच्या कडेला ठेवली आणि हात पुढे केला.

"दे ते भिंग," तो मुलीला म्हणाला. "आणि नीट बघून झाल्याशिवाय माझ्याकडून सुकाणू घेऊ नकोस."

मित्रांनो, तुमच्या सायकलीला, झोपाळ्याला, विहिरीच्या रहाटाला माझ्यासारख्या किती तरी मुक्या पट्ट्या आणि खिळी आहेत. आम्हाला चमकवा, आम्ही चमकू. आम्हाला ठोका, आम्ही वाजू. पण त्यावरून आम्ही धड आहोत असं समजू नका. जिथे तुमचं बोट पोचत नाही, तिथे एकदा उजेड पोचवा. आम्हाला गोड्या पाण्याने धुवा आणि वारा लागू द्या. आणि कुणी म्हणालं, "थांबा, आधी उघडून बघूया," तर त्याला गप्प बसवू नका. माझ्या बहिणीला बोलता येत नव्हतं. योगिनीला येत होतं.

ओघळ दिसला की विचारा. आम्ही आणखी कोणत्या भाषेत सांगणार?